सीटी स्कॅनवरून हृद्‌धोक्याचा अंदाज

फुप्फुसांसाठी काढलेल्या छातीच्या साध्या (शिरेत औषध न सोडता केलेल्या) सीटी स्कॅनमध्ये हृद्‌रोहिण्यांच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या) भिंतीत साचलेले कॅल्शियमही दिसते. त्याच्या प्रमाणावरून हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता अजमावण्याची ही पद्धत. त्यासाठी नवा स्कॅन वा जादा किरणोत्सर्ग लागत नाही.

शवविच्छेदनात हे कॅल्शियम अठराव्या शतकापासून परिचित होते. जिवंत रुग्णात क्ष-किरणांनी ते दिसल्याच्या नोंदी साधारणपणे १९२० नंतरच्या आहेत. पद्धतीचा उगम तेथवर नेता येतो. तथापि मोजमापाचा आरंभ अमेरिकेतील डॉक्टर आर्थर ॲगॅटस्टन, वॉरन जॅनोविट्झ आणि सहकाऱ्यांच्या १९९० मधील निबंधापासून धरणे अधिक सयुक्तिक. त्यांच्या रीतीत १३० हाउन्सफील्ड एकके (सीटीतील घनतेचे माप) वा अधिक घनतेचा, किमान १ चौ. मिमी.चा ठिपका धरतात. त्याच्या सर्वोच्च घनतेनुसार गुणक ठरतो : १३०–१९९ ला १, २००–२९९ ला २, ३००–३९९ ला ३ आणि ४०० पासून पुढे ४. क्षेत्रफळाला गुणकाने गुणून सर्व छेदांतील (स्कॅनच्या आडव्या कापांतील) बेरीज करतात. ५ चौ. मिमी.च्या, २५० एककांच्या ठिपक्याचे १० गुण होतात. एकूण १०० च्या आत सौम्य, ४०० च्या वर तीव्र समजतात.

ही मोजणी ईसीजीशी जुळवलेल्या, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी मेळ घालून काढलेल्या, स्कॅनसाठी आहे. नेहमीच्या स्कॅनमध्ये ठोक्यांमुळे प्रतिमा पुसट होते. म्हणून चार मुख्य रोहिण्यांना नजरेने ० ते ३ गुण देऊन १२ पैकी बेरीज करण्याची रीतही आहे. छेद जाड असल्यास बारीक ठिपके निसटतात आणि कॅल्शियम नसलेले मऊ थर तर दिसतच नाहीत; त्यामुळे येथील शून्य पूर्ण निर्धास्त करणारे नव्हे. अमेरिकेतील हृद्‌-सीटी व वक्ष-प्रतिमांकन संस्थांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक साध्या छाती-सीटीच्या अहवालात कॅल्शियमची नोंद हवी. ही शिफारस रास्तच आहे. खोकल्यासाठी आलेल्या रुग्णाला हृदयाचा इशारा बहुधा दुसरीकडून मिळणार नसतो.

सांगली जिल्ह्यात मिरज हे मिशनरी डॉक्टर विल्यम वान्लेस यांच्या १८९४ मधील रुग्णालयापासून वैद्यकीय केंद्र आहे; जत, कवठेमहांकाळ आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण येथे येतात. २०२०-२१ च्या कोविड साथीत ‘एचआरसीटीचा (छातीच्या सूक्ष्म सीटी स्कॅनचा) स्कोअर’ घरोघरी माहीत झाला. २५ पैकी दिला जाणारा तो आकडा फुप्फुसांचा. कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. मात्र त्याच स्कॅनमध्ये हृद्‌रोहिण्याही टिपलेल्या असतात. फुप्फुसांच्या विंडोत (फुप्फुसे स्पष्ट दिसतील अशा उजेड-छटांच्या मांडणीत) छापलेल्या फिल्मवर कॅल्शियम नीट कळत नाही, ते मृदू ऊतींच्या विंडोत पाहावे लागते. म्हणून फिल्मपेक्षा सीडी जपून ठेवणे अधिक उपयोगाचे.