इन्सुलिन आणि ग्लुकागॉन : भात आणि बांगडा यकृतात काय करतात

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ आलं की रत्नागिरी असो नाहीतर मालवण, पहिली गदा येते खोबऱ्यावर आणि तळलेल्या तुकडीवर. भाताला कुणी हात लावत नाही. भातच नाय तर जेवण कसला!

अमेरिकेत 2005 मध्ये अशा रुग्णांच्या यकृतातली चरबी नेमकी कुठून आली, हे तपासलं गेलं. सुमारे 59 टक्के अंगावरच्या साठ्यातून वाहून आलेली, 26 टक्के यकृताने स्वतःच, मुख्यतः साखर-पिष्टापासून, तयार केलेली, आणि ताटातल्या स्निग्ध पदार्थांमधून थेट आलेली फक्त 15 टक्के. साठ्यातली चरबी किती सुटायची, नवी किती बनायची आणि आहे ती किती जाळायची, यावर ज्यांची सत्ता चालते त्यांत दोन हार्मोन्स महत्त्वाची आहेत, आणि त्यांचीच गल्लत होते.

दोन्ही स्वादुपिंडातली, तीही एकाच प्रकारच्या पेशीपुंजांमधली: बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. दोन्ही रक्तातून आधी यकृतातच पोचतात. सुरुवातीला तर शास्त्रज्ञांचीही पंचाईत झाली होती. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवलं, पण तेव्हाचे अर्क टोचले की साखर उतरण्याआधी थोडी चढायची. ती चढवणारा दुसराच पदार्थ त्या अर्कात मिसळलेला होता. किंबॉल आणि मर्लिन यांनी 1923 मध्ये त्याला ग्लुकागॉन हे नाव दिलं.

इन्सुलिन कणगी भरतं, ग्लुकागॉन कणगीत हात घालतं. इन्सुलिनच्या हुकमाने यकृत साखर साठवतं आणि जास्तीच्या साखरेची चरबी करतं. ग्लुकागॉनच्या हुकमाने साठवलेली साखर बाहेर पडते, प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून नवी साखर बनते, आणि चरबी जाळण्याचं काम वेग घेतं. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. गल्लत होते ती पुढे, ‘एक वर गेलं की दुसरं खाली’ असं आपण धरून चालतो तिथे.

नुसती पेज किंवा भात जेवलात तर ते खरंच तसं घडतं: इन्सुलिन वर, ग्लुकागॉन खाली. पण बांगड्याचं तिखलं खाल्लं की दोन्ही एकदम वाढतात. ती वाढायलाच हवीत. अमिनो आम्लं पेशींत पोचवायला इन्सुलिन लागतं. पण माशात पिष्ट जवळजवळ नसतंच, त्यामुळे एकटं इन्सुलिन वाढलं असतं तर साखर घसरून माणसाला घाम फुटला असता. ग्लुकागॉन यकृतातून साखर सोडून तोल सांभाळतं, आणि त्याच वेळी यकृताला चरबी जाळायला लावतं.

म्हणजे ‘साखर वाढवणारं ते वाईट’ हा हिशेब यकृतापाशी लागू पडत नाही. मधुमेहासाठी ग्लुकागॉनचा मार्ग अडवणारी औषधं माणसांवर तपासली गेली. साखर उतरली, पण त्यांतल्या एका औषधाने यकृतातली चरबी वाढवली. मला हा पुरावा कुठल्याही आहारतक्त्याहून बोलका वाटतो. आता उलट ग्लुकागॉनचाच परिणाम घडवणारी औषधं फॅटी लिव्हरसाठी तपासली जात आहेत.

एक गुंता मात्र आहे. चरबीने भरलेलं यकृत अमिनो आम्लांच्या बाबतीत ग्लुकागॉनचं नीट ऐकत नाही. ती रक्तात साचतात, मग अल्फा पेशी आणखी ग्लुकागॉन सोडतात. अशा माणसात ग्लुकागॉन जास्त दिसलं म्हणून चरबी जळतेय असं समजू नये. इन्सुलिनचंही तसंच: शरीर दाद देईना की ते वाढतच जातं, आणि तरीही चरबी बनवण्याचं काम सुरूच राहतं.

प्रथिनासाठी मासा की कडधान्य, या वादात फार दम नाही. जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या आहारसंस्थेने 37 मधुमेही रुग्णांना सहा आठवडे 30 टक्के ऊर्जा प्रथिनांतून मिळेल असा आहार दिला; निम्म्यांना प्राणिज, निम्म्यांना वनस्पतिज. 2017 मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत यकृतातली चरबी 36 ते 48 टक्क्यांनी उतरली, तीही वजनातल्या फरकाशी फारसा संबंध नसताना. प्रयोग छोटा होता, हे खरं. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असताना, किंवा श्रावण पाळताना, कुळथाची पिठी आणि काळ्या वाटाण्याची उसळ काही कमी प्रतीची नाही, एवढं त्यातून धीराने म्हणता येतं. सुके बांगडे खाणार असाल तर मिठाकडे बघा, विशेषतः रक्तदाब असेल तर.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिन सांगितलंय, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या बांगड्यात वीसच्या आसपास मिळतं. पण डोंगराएवढा भात तसाच ठेवून वर दोन तुकड्या वाढवल्या तर इन्सुलिनला आणखीच काम लागतं. तुकडी वाढवायची ती भाताचा डाव कमी करून. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिन वाढवण्याचा निर्णय स्वतः घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.