अडक-सरक घर्षण आणि भूकंप

एकमेकांवर दाबून बसलेली दोन खडकपृष्ठे दीर्घकाळ अडून राहणे, त्या काळात भोवतालच्या खडकात स्थितिस्थापक ऊर्जा साठत जाणे आणि घर्षणाची मर्यादा ओलांडताच पृष्ठे झटक्यात सरकणे, या आवर्तनाला अडक-सरक किंवा स्टिक-स्लिप गती म्हणतात. सारंगीच्या तारेवर गज फिरताना नाद उमटतो तोही याच क्रियेने. उथळ भूकंपांचे हे प्रमुख कारण मानले जाते. भूपट्ट वर्षाला काही सेंमी. सरकतात, भूकंपात मात्र विभंगाच्या (खडकातील ज्या भेगेवर सरक होते तिच्या) दोन बाजू सेकंदाला सुमारे 1 मी. वेगाने घसरतात आणि घसरण विभंगावर सेकंदाला साधारण 2 ते 3 किमी. पसरत जाते.

कल्पनेचा उगम : 18 एप्रिल 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास विभंगावरची कुंपणे व रस्ते तुटून काही ठिकाणी सुमारे 6 मी. बाजूला सरकले. भूकंपाच्या आधीची व नंतरची भूमापने ताडून हॅरी फील्डिंग रीड यांनी 1910 मध्ये स्थितिस्थापक प्रतिक्षेपाचा (ताणून वाकलेला खडक सुटताच मूळ आकारात उसळतो, असा) सिद्धांत मांडला. ऊर्जा साठते कशी, हे त्यातून कळते. विभंग अडतो का आणि हळूहळू न सुटता एकदम का सुटतो, हे कळत नाही. ‘अडक-सरक’ कल्पनेचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. बाउडन व लेबेन यांनी 1939 मध्ये धातूंवर ही गती अभ्यासली होती आणि उच्च दाबाखालील पदार्थ झटक्याझटक्याने सरकतात हे ब्रिजमन यांनी 1930 च्या दशकातच नोंदवले होते. तरीही भूकंपशास्त्रापुरती सुरुवात ब्रेस व बायर्ली यांच्या 1966 च्या निबंधापासून धरणे अधिक रास्त. अखंड खडक खोलवरच्या दाबाखाली फोडायला शेकडो मेगापास्कल प्रतिबल (दर क्षेत्रफळावरचे बल) लागते, भूकंपात उतरते ते बहुधा 1 ते 10 मेगापास्कल, ही जुनी विसंगती त्यांनी सोडवली. जुन्याच फटीवर घसरण होते आणि प्रत्येक झटक्यात साठलेल्या प्रतिबलाचा काही भागच मोकळा होतो.

घर्षणाचे नियम : बायर्ली यांच्या 1978 च्या संकलनानुसार लंब प्रतिबल (पृष्ठांना एकमेकांवर दाबणारे) 200 मेगापास्कलपर्यंत असेल, तर घर्षण गुणांक, म्हणजे कर्तरी (पृष्ठांना सरकवणाऱ्या) प्रतिबलाचे लंब प्रतिबलाशी गुणोत्तर, सुमारे 0.85 भरतो, त्यापुढे कर्तरी प्रतिबल म्हणजे 50 मेगापास्कल अधिक लंब प्रतिबलाच्या 0.6 पट. ग्रॅनाइट असो वा चुनखडक, आकडे फारसे बदलत नाहीत. माती-खनिजे हा ठळक अपवाद. भूकंप होणार की नाही हे मात्र या आकड्यावर ठरत नाही. ते ठरते घर्षण वेगानुसार कसे बदलते यावर.

डीटरिख व रुइना यांनी 1970 व 1980 च्या दशकांत याची मांडणी केली. प्रयोगात सहसा तीन ठोकळे शेजारी उभे करतात, बाहेरचे दोन जलदाबाने आत दाबतात आणि मधला ठरावीक वेगाने खाली ढकलतात. वेग एकदम दहापट केला की घर्षण क्षणभर वाढते (ही वाढ दाखवतो गुणांक ‘अ’). मग काही मायक्रोमीटर घसरण होईपर्यंत ते उतरून नव्या पातळीवर स्थिरावते (ही उतरण दाखवतो गुणांक ‘ब’). ब मोठा असेल तर वेगाबरोबर घर्षण घटते आणि झटका संभवतो. अ मोठा असेल तर पृष्ठे शांतपणे सरकत राहतात. हा फरक शतांशाच्या घरातला, पण निर्णायक. ठोकळे थांबवून ठेवले तर खऱ्या स्पर्शाचे सूक्ष्म बिंदू रुंदावतात आणि काळाच्या लॉगरिथमप्रमाणे पकड वाढते. दोन भूकंपांच्या मधल्या काळात विभंग पुन्हा बळकट होतो तो असा.

ब मोठा असूनही झटका येईलच असे नाही. भोवतालच्या खडकाची किंवा यंत्राची ताठरता (दर एकक सरकण्यामागे बदलणारे प्रतिबल) एका मर्यादेखाली असावी लागते. ही मर्यादा म्हणजे लंब प्रतिबल गुणिले (ब − अ), भागिले निर्णायक घसरण (घर्षण नव्या पातळीवर स्थिरावेपर्यंत होणारी). 10 मेगापास्कल, 0.005 आणि 10 मायक्रोमीटर धरले तर ती दर मिमी.ला 5 मेगापास्कल येते. यंत्र याहून ताठ असले तर तोच नमुना गुमान सरकतो. म्हणून यंत्राची ताठरता न मोजता काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. पृष्ठांमध्ये साचलेल्या भुकटीनेही गुणांक बदलतात. निसर्गातील निर्णायक घसरण किती, हा वाद मिटलेला नाही. जपानमधील 1995 च्या कोबे भूकंपाच्या विश्लेषणातून अर्धा ते एक मीटर असे आकडे निघाले. पण ती राशी प्रयोगातल्या राशीहून वेगळी आहे, हे मत अधिक पटते.

खोली व उष्णता : ग्रॅनाइटी खडकात सुमारे 300° ते 350° से.च्या पुढे अ मोठा होतो. सॅन अँड्रियासवरचे भूकंप बहुतांशी 15 किमी.च्या वर का थांबतात, याचे हे एक स्पष्टीकरण. बायर्लींचे आकडे खरे धरले तर घर्षणाने या विभंगाभोवती जमीन जाणवण्याइतकी तापायला हवी. 1969 पासूनच्या उष्णताप्रवाह मोजणीत तसे आढळले नाही. याच विभंगावरील पार्कफील्डजवळच्या वेधन-विहिरीतून सुमारे 2.7 किमी. खोलीवर मिळालेल्या सॅपोनाइट मातीचा घर्षण गुणांक 0.15 च्या आसपास भरला, तेव्हा विभंगाच्या सतत सरकणाऱ्या भागापुरते तरी कोडे सुटले. इतरत्र वेगवान घसरणीतच घर्षण कोसळते, असे दिसते. जपानमधील 11 मार्च 2011 च्या तोहोकू भूकंपानंतर समुद्रतळातून विहीर खोदून उरलेली उष्णता मोजली गेली. तीवरून घसरणीच्या वेळचा घर्षण गुणांक सुमारे 0.08 काढण्यात आला.

पाण्याचा परिणाम : छिद्रांतील पाण्याचा दाब लंब प्रतिबलातून वजा होतो, त्यामुळे पकड तितकी सैल पडते. कोयनेचे धरण 103 मी. उंच, जलाशय काठोकाठ भरला तरी जादा दाब 1 मेगापास्कलच्या आतबाहेर. 6 किमी. खोलीवर वरच्या खडकाचा भार 160 मेगापास्कलच्या आसपास असतो. तरीही आधीच निसटायच्या बेतात असलेल्या विभंगाला एवढे पुरते, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा सुमारे 6.3 महत्तेचा भूकंप उभ्या विभंगावरील डावीकडच्या आडव्या घसरणीचा होता. कोयना परिसरातील गोठणे येथील सुमारे 3 किमी. खोल वेधन-विहिरीत साधारण सव्वा किमी. बेसाल्टनंतर ग्रॅनाइट व नाइस लागले. भूकंपांची केंद्रे याच पायाभूत खडकात आहेत.