कृषी व विस्तार शिक्षण समिती (विस्कॉन्सिन, अमेरिका)

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या काउंटी मंडळांमध्ये असणारी एक विषय समिती. काउंटी आणि विस्कॉन्सिन विद्यापीठ यांच्या भागीदारीतून शेती, पशुपालन, गृहजीवन, युवककार्य अशा विषयांचे लोकशिक्षण चालते; यालाच विस्तारकार्य म्हणतात. त्यावर देखरेख ठेवणे, त्यासाठी पैसा मंजूर करून घेणे आणि काय शिकवायचे हे ठरवताना स्थानिक लोकांचा शब्द चालवणे, ही या समितीची कामे. काउंटी हा साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा घटक. मात्र तिथे राज्य सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. निवडून आलेले मंडळ कारभार पाहते. विस्कॉन्सिनमध्ये अशा ७२ काउंट्या आहेत. इतर राज्यांतही या समितीचे भाऊबंद आहेत, पण नावे आणि अधिकार वेगळे. पुढील मजकूर मुख्यतः विस्कॉन्सिनपुरता आहे.

कायद्यातील स्थान

राज्याच्या कायद्यातील कलम ५९.५६ प्रमाणे काउंटी मंडळाला विद्यापीठाच्या सहकार्याने शैक्षणिक कार्यक्रम चालवता येतो. चालवलाच पाहिजे असे बंधन नाही. पण एकदा तो चालवायचे ठरले की कृषी व विस्तार शिक्षण समिती आलीच. कायद्याच्या दृष्टीने विस्तार कार्यक्रम हा काउंटीच्या प्रशासनातील एक विभाग असतो आणि त्याचे दिग्दर्शन व देखरेख या समितीकडे असते. कार्यक्रम आखायचा आणि राबवायचा तो मात्र विद्यापीठाला बरोबर घेऊन. केलेल्या कामाचा अहवाल दरवर्षी काउंटी मंडळापुढे ठेवावा लागतो.

या रचनेत एक गाठ आहे आणि ती मुद्दाम मारलेली आहे. विभाग काउंटीचा, पण त्यात शिकवणारी माणसे विद्यापीठाची. कार्यालयाची जागा, कारकून, टेबलखुर्ची, प्रवासखर्च हे काउंटी पाहते. शिक्षकाची नेमणूक आणि पगारपत्रक मॅडिसनला, म्हणजे विद्यापीठात. त्या पगारातला काही वाटा काउंटी करारान्वये भरते. त्यामुळे समितीचा सभापती विस्तार शिक्षकाला ‘हे कर’ असे सांगू शकतो, पण ‘हेच खरे आहे असे सांग’ म्हणू शकत नाही. खताची मात्रा किती, कोणते वाण चांगले, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती, यावर समिती मतदान घेत नाही. ज्ञानावर विद्यापीठाची मोहोर आणि पैशावर गावाची नजर, अशी ही विभागणी. शंभराहून अधिक वर्षे ती टिकली, त्याचे मोठे कारण हेच असावे.

पूर्वपीठिका

विद्यापीठाचे ज्ञान बांधापर्यंत नेण्याचा प्रयत्न समितीच्या आधीचा आहे. १८८५ च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये गावोगाव शेतकरी संमेलने सुरू झाली आणि हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी विद्यापीठात अल्पमुदतीचा अभ्यासक्रम निघाला. १८९० मध्ये तिथल्याच स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत जाहीर केली. तोवर दुधाचे पैसे वजनावर मिळत, त्यामुळे पाणी घालणारा फायद्यात आणि चांगली गाय पाळणारा तोट्यात. आपल्याकडे संकलन केंद्रावर ‘फॅट किती लागलं?’ हा प्रश्न ज्या तळमळीने विचारला जातो, ती तळमळ तिथे त्या काळात सुरू झाली. विद्यापीठातल्या संशोधनाचा हिशोब आपल्या दुधाच्या पैशात दिसतो, हे शेतकऱ्यांना या चाचणीने पटवले. पुढे विद्यापीठाच्या माणसासाठी काउंटीच्या तिजोरीतून पैसा काढा असे म्हणणे त्यामुळे सोपे गेले.

१९१२ मध्ये उत्तरेकडील ओनायडा काउंटीत ई. एल. ल्यूथर हे राज्याचे पहिले काउंटी कृषी प्रतिनिधी म्हणून रुजू झाले. ऱ्हाइनलँडर हे त्यांचे ठाणे. कच्च्या रस्त्यांवरून ते मोटारसायकलवर शेतोशेती फिरत. हा भाग जंगलतोड झालेला. लाकूड कंपन्या झाडे नेऊन निघून गेल्या होत्या, मागे उरलेल्या बुंध्यांच्या जमिनीवर नवे वसाहतकार मातीमोल भावाने जमीन घेऊन नशीब काढत होते. सल्ल्याची सर्वांत जास्त गरज असलेली काउंटी पहिली ठरली, हे योग्यच म्हणायचे.

८ मे १९१४ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली आणि देशभर विस्तारकार्याला केंद्राचा पैसा मिळू लागला. प्रत्येक राज्याला वर्षाला १०,००० डॉलर बिनअट; त्यापुढची रक्कम हवी असेल तर तेवढीच रक्कम राज्यातून उभी करायची. ही जुळवणीची अट कळीची ठरली. राज्यातून म्हणजे बऱ्याचदा काउंटीतूनच पैसा यायचा, आणि पैसा देणाऱ्याला हिशोब मागायला कुणीतरी लागतेच.

तो हिशोब कोणी मागायचा, यावर राज्ये वेगवेगळ्या वाटांनी गेली. न्यूयॉर्कच्या ब्रूम काउंटीत १९११ मध्ये व्यापारी मंडळ, रेल्वे कंपनी आणि केंद्रीय कृषी खाते यांनी मिळून कृषी प्रतिनिधी नेमला; त्यातून ‘फार्म ब्यूरो’ नावाची संघटना वाढली आणि अनेक राज्यांत तीच विस्तारकार्याची स्थानिक यजमान झाली. पुढे हीच संघटना शेतकऱ्यांच्या वतीने राजकीय दबाव टाकू लागली, तेव्हा सरकारी पगारावरचा शिक्षक एका खासगी संघटनेचे काम करतो काय, हा वाद उभा राहिला. विस्कॉन्सिनमध्ये यजमानपद काउंटी मंडळाच्या समितीकडे राहिले. ही समिती कुणाच्या वर्गणीवर चालत नव्हती. करदात्यांनी निवडलेली माणसे तिच्यात होती आणि न पटल्यास पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी बसवता येत होते.

माती आणि जंगल

१९३० च्या दशकात या समितीकडे शिक्षणापलीकडची कामे आली. राज्याच्या नैर्ऋत्य भागातील उंचसखल जमिनीत नांगरट उताराच्या दिशेने होई आणि प्रत्येक पावसात माती ओघळीतून वाहून जाई. १९३३ मध्ये कून व्हॅली येथे देशातील पहिला पाणलोट संवर्धन प्रकल्प सुरू झाला. समतल पट्ट्यांत पेरणी, उतारावर कायम गवत, ओढ्याकाठची चराई बंद, असे त्याचे स्वरूप. आजही त्या भागात गेले तर टेकड्यांना वळसे घालत गेलेले मक्याचे आणि गवताचे आळीपाळीचे पट्टे दिसतात.

१९३७ मध्ये राज्याने मृदसंधारण जिल्ह्यांचा (म्हणजे माती राखण्याच्या कामापुरत्या आखलेल्या क्षेत्रांचा) कायदा केला. इतर राज्यांत अशा जिल्ह्यांसाठी स्वतंत्र संचालक निवडले जात. विस्कॉन्सिनने काउंटी मंडळाच्या कृषी समितीच्या सदस्यांनाच ते काम दिले. म्हणजे सकाळी शिक्षणाचे बजेट आणि दुपारी बांधबंदिस्ती, माणसे तीच. १९८२ मध्ये हे जिल्हे मोडीत निघाले आणि काउंटी मंडळाच्या स्वतंत्र भूमी संधारण समित्या आल्या. नाळ तुटली नाही: भूमी संधारण समितीत कृषी व विस्तार शिक्षण समितीचे किमान दोन सदस्य असलेच पाहिजेत, अशी तरतूद कायद्यात आहे. गंमत अशी की भूमी संधारण समिती प्रत्येक काउंटीला सक्तीची, आणि जिच्या पोटातून ती निघाली ती शिक्षण समिती मात्र ऐच्छिक. बऱ्याच काउंट्यांनी पुढे दोन्हींची मोट बांधून एकच समिती केली आहे.

जंगलतोडीच्या उत्तर भागात प्रश्न उलटा होता. जी जमीन शेतीला लायकच नव्हती तिथे लोकांनी शेती मांडली होती. कर थकले, शेते ओसाड पडली, आणि एकाकी घरासाठी रस्ता व शाळा चालवण्याचा खर्च काउंटीच्या अंगावर आला. १९३३ मध्ये ओनायडा काउंटीने कोणत्या जमिनीवर वस्ती व शेती करायची आणि कोणती जंगलासाठी राखायची, हे ठरवणारा ग्रामीण भागासाठीचा देशातील पहिला नियम केला. ‘इथे शेती करू नका’ हे शेतकऱ्यांना सांगणे ही कुठल्याही कृषी विस्तारकाची कठीण परीक्षा. विस्तारकार्यातल्या लोकांनी नकाशे आणि करांचे आकडे घेऊन सभांमध्ये हे पटवण्याचे काम केले.

समितीचे रोजचे काम

काउंटी मंडळाचे सदस्य एप्रिलमध्ये निवडून येतात, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांसाठी, आणि पक्षचिन्हाविना. त्याच महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मंडळाची पहिली बैठक होते व समित्या ठरतात. कृषी व विस्तार शिक्षण समितीची बैठक साधारण महिन्याला. राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्याप्रमाणे किमान २४ तास आधी जाहीर सूचना द्यावी लागते. विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर निर्णय घेता येत नाही. मागील इतिवृत्त कायम करणे, नागरिकांचे म्हणणे, बिले, विस्तार शिक्षकांचे अहवाल, पुढच्या बैठकीची तारीख, असा क्रम. सूचक, अनुमोदक, मंजूर. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला बसलेल्या कुणालाही तिथे परके वाटणार नाही.

अहवालांचा भाग ऐकण्यासारखा असतो. त्यात मोठ्या घोषणा कमी आणि फुटकळ तपशील फार. कीडनाशक फवारणीच्या परवान्यासाठी किती जण प्रशिक्षणाला आले, युवकांच्या ‘फोर-एच’ गटांच्या नोंदण्या, काउंटी जत्रेतील जनावरांच्या प्रदर्शनाची तयारी, घरगुती बागेतल्या टोमॅटोवर कोणता करपा आला. बैठकीत बसलेले सदस्य स्वतः दुग्धव्यावसायिक, निवृत्त शिक्षिका, ट्रकचालक असे कुणीही असू शकतात. शेतीचा गंध नसलेले सदस्यही आता वाढले आहेत.

या कामाचा एक नमुना जवळून पाहण्याजोगा आहे. मे महिन्यात लसूणघासाची पहिली कापणी कधी करायची, हा तिथल्या दूध उत्पादकाचा लाखमोलाचा प्रश्न. उशीर केला तर वैरण वाढते पण काडी निबर होते आणि दूध घटते; घाई केली तर माल कमी. दाताने काडी चावून सांगणारे जुने जाणकार होते, पण पहिल्या कापणीत हवामान दरवर्षी वेगळे असल्याने तारखेचा अंदाज फसतो. १९९० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात यावर साधी युक्ती निघाली. शेतात दोन चौरस फूट जागा धरायची, तिच्यातली सर्वांत उंच काडी मोजायची, आणि सर्वांत पुढे गेलेली काडी पानावर आहे, कळीवर आहे की फुलावर, ते पाहायचे. या दोन नोंदींवरून वैरणीच्या प्रतीचा अंक निघतो. तो अंक थेट छापलेली मोजपट्टीही मिळते. शेतात चार-पाच ठिकाणी असे करून सरासरी घ्यायची. उभ्या पिकात अंक १७० च्या आसपास असताना कापले, तर वाळवणी-भरणीतली घट जाऊन मुरघासात सुमारे १५० उरतो, जो दुभत्या गाईला चांगला. या दिवसांत अंक रोज तीन ते पाच ने उतरतो, म्हणून विस्तार कार्यालये आठवड्यातून दोनदा वगैरे काउंटीतल्या ठरावीक शेतांचे आकडे जाहीर करतात. समितीपुढे हे सगळे ‘लसूणघास नमुना कार्यक्रम’ अशा एका ओळीत येते, शेजारी प्रवासखर्चाचा आकडा असतो, आणि नव्या सदस्याला या एका ओळीसाठी तो आकडा कशाला, हे जुना सदस्य समजावून सांगतो.

सगळेच विषय इतके निरुपद्रवी नसतात. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट हा त्यातला जड विषय. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमची (नायट्रोजनच्या रूपात मोजून) मर्यादा आहे. वाळूच्या किंवा भेगाळ चुनखडकाच्या भागात खत आणि शेणकाला झपाट्याने खाली उतरतो. कार्यालय गावकऱ्यांकडून नमुने गोळा करून तपासणीची सोय करते, निकाल नकाशावर मांडते. मोठा गोठा असलेला सदस्य आणि ज्याची विहीर बिघडली तो नागरिक एकाच खोलीत बसलेले असतात. नियम करणे हे दुसऱ्या समितीचे काम, पण नियमाची मागणी ज्या आकड्यांतून निघते ते आकडे इथे येतात. अशा वेळी विद्यापीठाचा स्वतंत्र शिक्का किती कामाचा, हे कळते.

पैसा आणि अलीकडचे बदल

खरी कसोटी शरद ऋतूत. काउंटीचे वार्षिक अंदाजपत्रक नोव्हेंबरमध्ये मंजूर होते. मालमत्ता कर किती वाढवता येईल यावर राज्याने मर्यादा घातली आहे. रस्ते, तुरुंग, मानवी सेवा ही कामे टाळता येत नाहीत, तेव्हा कात्री ऐच्छिक विभागाकडे वळते. समिती या काळात देखरेख करणाऱ्याची भूमिका सोडून वकिलाच्या भूमिकेत जाते.

२०१५-१७ च्या राज्य अर्थसंकल्पात विद्यापीठ प्रणालीच्या अनुदानात २५ कोटी डॉलरची कपात झाली. त्यानंतर विस्तारकार्याची फेररचना झाली; प्रत्येक काउंटीला स्वतंत्र प्रमुख न ठेवता शेजारच्या काउंट्यांचे गट करून प्रत्येक गटाला एक क्षेत्र संचालक दिला गेला. १ जुलै २०१८ पासून विस्तारकार्याची विद्यापीठाकडची बाजू विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शाखेत गेली. समित्यांच्या दृष्टीने यात फायदा आणि तोटा दोन्ही. गोठा बांधणीचा किंवा भाजीपाल्याचा तज्ज्ञ आता तीन-चार काउंट्यांना मिळून लाभतो, पण ‘आमचा कृषी प्रतिनिधी’ म्हणून गावात ओळखला जाणारा माणूस दुर्मीळ झाला. त्यातच दुधाचे गोठेही झपाट्याने कमी झाले: या शतकाच्या सुरुवातीला राज्यात १५,००० हून अधिक परवानाधारक गोठे होते, २०२० च्या दशकाच्या मध्यास ६,००० हून कमी. त्यामुळे वारसा हस्तांतरण, कर्जाचे नियोजन, शेतकऱ्यांवरचा मानसिक ताण हे विषयही आता कार्यक्रमांत आले आहेत.

तुलनेसाठी, महाराष्ट्रात १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदेला कृषी समिती मिळाली. तिचा सभापती निवडून आलेला असतो आणि योजनांचा निधी, अवजारे, बियाणे यांवर तिची चर्चा चालते. मात्र कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे तिच्या कक्षेबाहेर आहेत, त्यांचे सल्लागार मंडळ वेगळे. विद्यापीठाचा माणूस आणि जिल्ह्याचा लोकप्रतिनिधी एकाच विभागाचे भागीदार, ही विस्कॉन्सिनची तऱ्हा इथे आली नाही. अमेरिकेतही ती सगळीकडे नाही. आयोवात प्रत्येक काउंटीत मतदारांनी थेट निवडलेली नऊ सदस्यांची विस्तार परिषद असते आणि तिला स्वतःचा कर बसवता येतो, त्यामुळे काउंटी मंडळापुढे हात पसरावे लागत नाहीत.