गोंडवनाचा पुरावा: कोळशापासून चुंबकापर्यंत

चंद्रपूर-बल्लारपूर भागात कोळशासोबत येणारा शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) थरावर फोडला, तर कधीकधी जिभेच्या आकाराचं पान सापडतं. मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. हे ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचं पान. हेच पान दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातल्या पर्मियन काळाच्या (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांतही मिळतं. बी काही मिलिमीटरचं, म्हणजे वाऱ्यावर महासागर ओलांडण्याजोगं नाही. तेव्हा हे सगळे भूभाग एके काळी जोडलेले असले पाहिजेत.

या थरांना गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ हे नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये वापरलं. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी ते १८८५ मध्ये दक्षिणेतल्या सबंध जोडभूमीला दिलं आणि ‘गोंडवानालँड’ केलं. ‘गोंडवना’त वन असताना पुढे पुन्हा ‘लँड’ कशाला, हा प्रश्न उरतोच.

झ्यूस यांच्या मते मधली जमीन खचून समुद्राखाली गेली. पण खंडांचा खडक हलका (घनता सुमारे २.७) आणि समुद्रतळाचा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा कातळ) जड (सुमारे ३). हलका खडक जडात बुडून नाहीसा होईल कसा? जमीन बुडाली नसेल, तर ती सरकली असली पाहिजे, ही जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांची १९१२ मधली मांडणी. बर्फाचा पुरावा त्यांच्या बाजूने होता: आज उष्ण असलेल्या प्रदेशात हिमनद्यांच्या खुणा. ओडिशातल्या तालचेरच्या गोटेरी थराला हिमनदीचा ठेवा म्हणून १८५६ मध्येच ओळखलं गेलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ तर पैनगंगा चुनखडकावर हिमनदीने ओढलेल्या दगडांचे समांतर ओरखडेच आहेत. तरी सरकवणारं बळ कोणतं, हे वेगेनर यांना पटण्यासारखं सांगता आलं नाही आणि गाडी तिथेच अडली.

ती हलवली १९५०च्या दशकात, दख्खनच्या काळ्या कातळाने. लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांत त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा गोठते. नमुना घेताना साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाची गाभानळी (खडकाचा लहान दंडगोल) काढतात. खडकापासून तोडण्यापूर्वीच तिच्यावर उत्तर दिशा आणि उतार यांची खूण करायची. ती राहिली तर नमुना फुकट. साधं होकायंत्र काळ्या कातळाजवळ फसतं, म्हणून शक्यतो दिशा सूर्यावरूनही पडताळतात. डोंगरमाथ्यावरचे नमुने टाळलेले बरे, कारण वीज पडून मूळ चुंबकत्व बिघडलेलं असतं. मग प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चढलेलं चुंबकत्व काढून टाकतात.

उरलेल्या चुंबकत्वाची दिशा आडव्या पातळीशी जो कोन करते, तो कल. त्याचा हिशेब सोपा: कलाची स्पर्शज्या (tan) ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट. नागपूरला (२१ अंश उत्तर) कल यायला हवा सुमारे ३७.५ अंश. दख्खनच्या बऱ्याच थरांत तो ४५ अंशांच्या आसपास मिळतो, म्हणजे अक्षांश साडेसव्वीसच्या घरात. नवखा इथेच चुकतो. कल खाली झुकलेला, म्हणून तो उत्तर गोलार्ध धरतो. पण त्या नमुन्यांतली दिशा आग्नेयेकडे आहे. बहुतेक लाव्हा पृथ्वीचं चुंबकक्षेत्र उलटं (उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झालेलं) असताना वाहिला, आणि उलट्या क्षेत्रात खाली झुकलेला कल म्हणजे दक्षिण गोलार्ध.

तोवर गोंडवनाची मोडतोड बरीच पुढे गेली होती. पूर्व (भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया) आणि पश्चिम (आफ्रिका, दक्षिण अमेरिका) गोंडवनातली फूट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून भारत सुटला सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्करपासून सुमारे ९ कोटी. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खडक याच फुटीच्या काळातले. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा उद्रेक झाला आणि लगेचच सेशेल्स तुटलं. त्या सुमारास भारत वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा जास्त वेगाने उत्तरेला जात होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडल्यावर तो मंदावला. आज तो वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास आहे.

कातळाखाली सगळीकडे गोंडवन थर असतीलच, असं मात्र नाही. कोयनेजवळच्या खोल विवरात ९३३ मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटी पाया लागला. महाबळेश्वरला लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, तर पनवेल-मुंबईकडे ते समुद्राच्या दिशेने उतरतात. सेशेल्स सुटताना किनारा ताणला आणि खचला, त्याची ही खूण.