योगोपचार, व्यक्तिसापेक्ष (खानदेश)

माणसाचे वय, व्याधी, रोजचे काम, झोप, आहार आणि चालू ऋतू पाहून त्याच्यापुरती ठरवलेली आसने, प्राणायाम, शिथिलीकरण व दिनचर्या. आणि ती दर दोन-तीन आठवड्यांनी तपासून बदलण्याची पद्धत. योगवर्गात तीस जण एका सूचनेवर हात वर करतात, उपचारात सूचना एकट्यासाठी असते. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात दोन्हींना सरसकट ‘योगा’ म्हणतात आणि क्लास लावला म्हणजे इलाज सुरू झाला असे धरून चालतात. निरोगी माणसाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. दुखणे घेऊन आलेल्याच्या बाबतीत बिघडू शकते.

माणसागणिक वेगळा योग ही कल्पना जुनी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त विचलित करणाऱ्या अडथळ्यांची यादीच ‘व्याधी’पासून सुरू होते. हठयोगप्रदीपिकेत धौती, बस्ती, नेती इत्यादी षट्कर्मे, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रिया, ज्याच्या अंगी मेद व कफ जास्त त्याने आधी करावीत, दोष (वात, पित्त, कफ) समान असलेल्याने करू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. मोबाइलवर पाहून घरोघर जलनेती (पाण्याने नाक धुणे) करणाऱ्यांपर्यंत हा श्लोक पोचलेला दिसत नाही. विसाव्या शतकात तिरुमलै कृष्णमाचार्य (१८८८–१९८९) व त्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी चेन्नईत ही पद्धत नेटाने चालवली. तिला लाभलेले ‘विनियोग’ हे नाव योगसूत्रांतलेच.

खानदेशाचा योगाशी जुना संबंध सांगायचा तर चांगदेवापासून सुरुवात करतात. तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात, त्याच्या नावाचे गाव व देऊळ आहे. योगबळावर चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले, त्याचे उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. योग म्हणजे चमत्कार ही समजूतही अशाच कथांवर पोसली गेली.

उपचाराच्या दृष्टीने खरा धागा अमळनेरचा आहे, आणि तो अमळनेरमध्येही फारसा कोणाला माहीत नसतो. जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. १९१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीमुळे सरकारची गैरमर्जी होऊन १९२० मध्ये ते महाविद्यालय बंद पडले. त्याआधी, १९१९ मध्ये, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासांकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली होती. गुरूने शिकवलेले खरोखर काय घडवते हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान (पोट आत ओढणे) व नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) यांची क्ष-किरण तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि म्हणून बस्तीत, म्हणजे गुदमार्गाने आतडे धुण्याच्या क्रियेत, पाणी वर ओढले जाते, हे त्यांनी दाखवले आणि त्या निर्वाताला गुरूचे नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. योगोपचार मोजून पाहण्याची रीत तेथून रुळली.

प्रत्यक्ष उपचार कसा चालतो हे कापूस वेचणाऱ्या बाईच्या उदाहरणावरून कळते. दिवाळीच्या आगेमागे वेचणी ऐन भरात असते. कमरेला ओटी बांधून ती सकाळपासून वाकलेली असते. ओटी भरत जाते तसा भार पुढे ओढतो. ‘कंबर दुखस’, एवढेच ती सांगते. जाणता उपचारक तिला लगेच सतरंजीवर झोपवत नाही. जमिनीवरून उठताना ती गुडघ्यावर हात रेटते का, श्वास धरून उठते का, हे आधी पाहतो. कळ पायात उतरते का, पंजाला मुंग्या येतात का, हे विचारतो; तसे असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवतो. तसे नसेल तर पालथे पडून मकरासन, कोपरांवरचे अर्धे भुजंगासन, मग उताणे होऊन पिंढऱ्या बाजेच्या कडेवर टेकवून पाच-सात मिनिटे पडणे, एवढ्यावर पहिला पंधरवडा जातो. पश्चिमोत्तानासन तिला देत नाहीत, कारण पुढे वाकण्याचा तिचा वाटा शेतातच संपलेला असतो. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसने रोग्याच्या आवाक्यात आणली. खेड्यात तेच काम घडी घातलेली गोधडी आणि जुने लुगडे करते.

भुसावळच्या रेल्वे कामगाराचा प्रश्न वेगळा. पाळी कधी रात्री, कधी पहाटे. त्याला ‘रोज सकाळी सहा वाजता’ असा कागद देणे निरुपयोगी. त्याचा अभ्यास ड्यूटी उतरल्यावर: लांब उच्छ्वास, भ्रामरी, योगनिद्रा. रावेर-यावलच्या केळीबागांत खांद्यावरून घड वाहणाऱ्याची मान व एक खांदा आखडतो, त्याच्याकडून दोन्ही बाजूंना सारखा व्यायाम करवून घेणे चूक ठरते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात, सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. दमछाक, घाम व शरीरातील पाणी कमी होणे यांनी अशा रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. तेथे सूर्यनमस्कारांची संख्या वाढवणे किंवा दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) शिकवणे हा अविचार होय. ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का?’ हा प्रश्न तेथील पहिल्या भेटीतच यायला हवा.

जुनाट कंबरदुखीत योगाचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधाविना करायच्या उपायांत त्याचा समावेश आहे. मधुमेह व रक्तदाबात तो औषधांच्या जोडीला चालतो, गोळी किंवा इन्सुलिन त्याच्या भरवशावर थांबवू नये. काचबिंदूत डोके खाली येणारी आसने, वाढलेल्या रक्तदाबात भस्त्रिका (भात्यासारखा जोराचा श्वासोच्छ्वास) व कुंभक, हर्निया आणि गरोदरपणात कपालभाती वर्ज्य. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाकडून शिक्षक व उपचारक यांची वेगवेगळी प्रमाणपत्रे मिळतात. ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे यांपैकी कोणते आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात योग व निसर्गोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे.

खानदेशातला निम्मा उपचार ऋतू ठरवतो. हिवाळ्यात वांग्याच्या भरिताच्या पार्ट्या रात्री उशिरापर्यंत शेतात रंगतात; हिरव्या मिरचीचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन झोपलेल्याने सकाळी कपालभाती करू नये, हे सांगायला शास्त्र लागत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा अंग तापवणारे भस्त्रिका व सूर्यभेदन हे प्राणायाम बंद होतात, त्यांच्या जागी शीतली (जिभेची नळी करून श्वास आत घेणे) येते. हठग्रंथांनी ती पित्तशामक मानली आहे. मात्र ऊन लागलेल्या माणसाला शीतली करायला बसवायचे नसते, त्याला सावलीत घेऊन अंग गार करायचे आणि दवाखाना गाठायचा. अभ्यासाची वेळ पहाटेची, जागा धाब्यावरची, म्हणजे घराच्या सपाट छतावरची, कारण खोलीतल्या भिंती रात्रभर उष्णता सोडत असतात. वेचणी केव्हाच संपलेली असते. कंबरेसाठी आलेल्या बाईच्या कागदावरून भुजंगासन खाली सरकते आणि आता पाण्याच्या हंड्यांमुळे दुखणाऱ्या मानेचे व्यायाम वर येतात.