ओव्हरक्लॉकिंग: सगळा खेळ व्होल्टेजचा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. ‘ओव्हरक्लॉक केलं की प्रोसेसर जळतो’ असं छातीठोकपणे सांगणारे अजूनही भेटतात. नुसत्या वेगाने प्रोसेसर सहसा जळत नाही, चुकायला लागतो. जाळपोळीचं खातं व्होल्टेजकडे आहे.

५ गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला पाच अब्ज ठोके, एका ठोक्याला ०.२ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. आणि तेवढ्यातच ट्रान्झिस्टरांच्या लांबलचक साखळीने आपलं उत्तर शेवटपर्यंत पोचवायचं असतं. प्रत्येक ट्रान्झिस्टर पुढच्याच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर, विद्युतभार भरतो, टाकी भरावी तसा. टाकी भरायच्या आत पुढचा ठोका पडला, की १ च्या जागी ० वाचला जातो. मग आपण व्होल्टेज वाढवतो. दाब वाढतो, टाकी लवकर भरते, चूक थांबते. पण खर्ची पडणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवा: १.१ × १.१ × १.१ = १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जादा उष्णता! त्यात चिप तापली की तिच्यातला गळका प्रवाह (बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणारी वीज) वाढतो, त्याने ती आणखी तापते. शिवाय इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने सूक्ष्म तारांमधले धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि ही झीज भरून निघत नाही.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या वाटेवर) चालवला, की ३०० मेगाहर्ट्झचा ४५० व्हायचा. ते दिवस गेले. आता बूस्टच्या, म्हणजे गरजेनुसार आपोआप वेग वाढवण्याच्या, नावाखाली कंपन्याच बहुतेक रस आधी पिळून घेतात. त्यामुळे एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर दुप्पट वेगवान करणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका, आणि दुसऱ्याच्या व्हिडिओतले व्होल्टेजचे आकडे उतरवू नका. एकाच मॉडेलच्या दोन चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाचं गणित तेच. कोअर क्लॉक, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा वेग, २५-२५ मेगाहर्ट्झने वाढवायचं, दर वेळी तपासायचं. मेमरी मात्र लबाड असते. काही कार्डांची मेमरी चुकलेला डेटा गुपचूप पुन्हा पाठवते. क्लॉकचा आकडा चढतो आणि गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स उतरतात. मला विचाराल तर कार्डाचं व्होल्टेज थोडं कमी करून पाहण्यात जास्त मजा आहे. बऱ्याचदा वेग तेवढाच राहतो आणि पंखे शांत होतात.

तपासायचं कसं? गेम चालला म्हणजे झालं, असं नाही. प्राइम९५ हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन मूळ संख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या) शोधण्यासाठीचा. तो अवाढव्य गुणाकार दशांशात करतो, पण उत्तर पूर्णांकच यायला हवं. पूर्णांकापासून फरक ०.४ च्या वर गेला, की गडबड. माझ्या मशीनवर चाळीस मिनिटं सगळं सुरळीत होतं, तापमान ७८ अंश, मी खुशीत. मग प्रोसेसरच्या एका कोअरच्या (त्यातल्या एका गणिती भागाच्या) खिडकीत ओळ आली: राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ हून कमी. निळा स्क्रीन नाही, धूर नाही. हिशेब तेवढा चुकला होता. व्होल्टेजला हात न लावता १०० मेगाहर्ट्झ उतरवले आणि चाचणी रात्रभर लावून झोपलो.