ट्रॅककडून डोंगरवाटेकडे : साताऱ्यातून दिसणारी पार्श्वभूमी

साताऱ्यात पळणे आणि भरती यांचे नाते जुने आहे. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवणारे अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आणि १९६१ मध्ये सुरू झालेली देशातील पहिली सैनिक शाळा असलेल्या या जिल्ह्यात, पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला सहसा सोळाशे मीटरची वेळच विचारली जाते. म्हणूनच ट्रॅकवरचा धावपटू डोंगरातल्या शर्यतींकडे वळला, की त्याची मुख्य वाट सुटली असे मानले जाते. या वळणाचा इतिहास मात्र तसे सांगत नाही.

डोंगरी धावण्याची पहिली विश्वचषक स्पर्धा १९८५ मध्ये इटलीत झाली. न्यूझीलंडचा जोनाथन वायट १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. त्याच काळात त्याने डोंगरी धावण्याची जागतिक विजेतेपदेही मिळवली आणि पुढे ती संख्या सहावर नेली. ट्रेल धावण्याला, म्हणजे कच्च्या पायवाटांवरून धावण्याला, ॲथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने २०१५ मध्ये ॲथलेटिक्सचा प्रकार म्हणून मान्यता दिली, तर डोंगरी आणि ट्रेल अशी एकत्रित जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे भरली.

या स्थित्यंतरात तीन हजार मीटर स्टीपलचेसचा वाटा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या यांमुळे या शर्यतीत लय सतत मोडते, पाऊल कुठे पडणार याचा अंदाज पळता पळताच घ्यावा लागतो आणि ओल्या बुटांनिशी पुन्हा वेग धरावा लागतो. २०१९ ची डोंगरी धावण्यातील जगज्जेती ग्रेसन मर्फी आणि २०२३ मध्ये आल्प्समधील यूटीएमबी ही लांब पल्ल्याची ट्रेल शर्यत जिंकणारा जिम वॉम्सली हे दोघेही अमेरिकी धावपटू मूळचे स्टीपलचेसचे. आपल्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर मॅरेथॉनकडून याच प्रकाराकडे आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. त्या डोंगरी शर्यतींकडे वळल्या नाहीत, परंतु ज्या प्रकारातून जगभरातले धावपटू डोंगरात गेले, तो या जिल्ह्याला परका नाही, एवढे त्यांच्या कारकिर्दीवरून निश्चित म्हणता येते.

साताऱ्यात सर्वसामान्य धावपटूला चढाची गोडी लावली ती २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचे, असा तिचा मार्ग आहे. ही शर्यत डोंगरातली असली तरी ती डांबरी रस्त्यावरची आहे, हा फरक नवख्यांनी नीट ध्यानात घ्यायला हवा. घाटरस्त्याचा चढ वळणे घेत बेताने वाढतो; पायवाट मात्र थेट डोंगराच्या अंगावर जाते आणि तिथे चांगल्या चांगल्या धावपटूंनाही गुडघ्यांवर हात टेकून चालावे लागते. चारशे मीटरच्या फेरीगणिक घड्याळ पाहण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण चढावर वेगापेक्षा श्वास आणि लागणारा जोर सांभाळावा लागतो.

ट्रॅकवरून आलेल्याची दमछाक चढावर होते, पण त्याचे खरे नुकसान उतारावर होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार अडवतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि सपाट ट्रॅकवर कितीही किलोमीटर मारले तरी या ताणाची पुरेशी तयारी होत नाही. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि उन्हाळ्यात मुरमावरची सुटी खडी यांवर पाय घसरण्याची भीती वेगळीच. त्यामुळे साताऱ्यातील अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायवाटांवर सराव करणाऱ्याने चढाच्या वेळेइतकाच उतरण्याचाही हिशेब ठेवावा आणि उताराचे अंतर आठवड्यागणिक थोडे थोडेच वाढवावे.